ट्रिपांची वही

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्री जेवणे उरकून मी ओटा पुसत होते, तोच फोन वाजला. साखळीहून माझ्या अक्काचा मुलगा बोलत होता. आधी इकडची तिकडची चौकशी झाली, काकांची शुगर कशी आहे, आजींचे गुडघे कसे आहेत. मग एकदम म्हणाला, "मावशी, टिप्पर घ्यायचा म्हणतोय. सेकंडहँड आहे, पण कंडिशन बरी आहे. खाणी परत सुरू झाल्यात. बाबांच्या जुन्या कर्जामुळे इकडे बँक दारात उभी करत नाही. तुमच्या बेळगावातली एक पतसंस्था तयार आहे, फक्त जामीन पाहिजे. तुझी शाळेची नोकरी आहे. तू राहशील का?"

मी "विचार करून सांगते" म्हणून फोन ठेवला. आमच्या सासूबाई खाटेवर पडून सगळे ऐकत होत्या. त्यांनी कूस बदलली आणि म्हणाल्या, "हासिगे इद्दष्टु कालु चाचु." आपण मराठीत म्हणतो ना, अंथरूण पाहून पाय पसरावेत, तेच हे. आमच्या घरात शहाणपण दोन भाषांतून येते, पण उपदेश एकच असतो!

मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. भाचा हाताने वाढवलेला. "नाही" म्हणायचे तर जीव तुटतो, आणि "हो" म्हणायचे तर अक्काच्या घरी जे घडले ते डोळ्यांपुढे येते. शेवटी ठरवले, फोनवर काही बोलायचे नाही. येत्या शनिवारी शाळा सुटली की साखळी गाठायची.

आपल्याकडून साखळीला जायचा रस्ता बहुतेकांना ठाऊक आहे. जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ल्याचा घाट, खाली केरी आणि पुढे साखळी. लग्नकार्याला, दत्ताच्या दर्शनाला, हरवळ्याच्या धबधब्याला आपण याच वाटेने जातो. पण एक गोष्ट या वाटेवरून जाताना सहसा कुणाच्या मनात येत नाही. गोव्याच्या ज्या मांडवी नदीतून लोखंडाची माती बोटीत भरून मुरगाव बंदराकडे गेली, ती नदी आपल्या खानापूर तालुक्यात देगावच्या रानात म्हादई म्हणून उगम पावते. पाणी आपल्याकडून उतरते, आणि त्याच पाण्यामागे घाट उतरून आपली माणसेही कामाला गेली.

अक्काचे लग्न १९८८ साली झाले. साखळीपासून थोड्या अंतरावर, पाळीच्या बाजूला तिचे गाव. त्या वेळी आम्ही मुली तिला हेव्याने बघायचो. घरामागे सुपारी, केळी, मिरवेलीचे कुळागर होते. डोंगराच्या पोटातून बारमाही झरा वाहायचा. त्या पाण्यावर पावसाळ्यानंतर भाताचे दुसरे पीक निघायचे. त्याला तिकडे वायंगण म्हणतात. अक्का माहेरी यायची ती नारळ, सुपारी आणि उकड्या तांदळाची पिशवी घेऊन. चैत्रात विठ्ठलापूरच्या विठोबाचा उत्सव असायचा. दाजी स्वभावाने शांत, शेती बघायचे आणि जोडीला एका दुकानात हिशेब लिहायचे.

खाणी तेव्हाही होत्याच. गोव्यात पोर्तुगीज सरकारने खाणींचे परवाने द्यायला सुरुवात केली त्याला शंभर वर्षे होत आली. दुसरे महायुद्ध संपले, जपानला पोलाद उभारायचे होते, आणि १९५० च्या दशकात डिचोली भागातली लाल माती जहाजाने जपानला जाऊ लागली. अक्काच्या सासूबाई त्या काळच्या गोष्टी सांगायच्या. यंत्रे नव्हती तेव्हा बायका डोक्यावर टोपलीने खनिज वाहायच्या. संध्याकाळी घरी आल्या की केस, कान, पदर सगळे गेरूने माखल्यासारखे. पण त्या म्हणायच्या, "तेव्हा खाण पोट भरायला होती. कोण वेडा झाला नव्हता."

वेड लागले ते नंतर, आणि ते चीनमुळे लागले. २००० नंतर चीनमध्ये शहरे, पूल, कारखाने उभे राहू लागले. २००८ साली बीजिंगला ऑलिंपिक झाले. त्यांना मिळेल ते लोखंड हवे होते. गोव्याचे खनिज कमी प्रतीचे. पूर्वी जी माती निरुपयोगी म्हणून डोंगरासारखी टाकून दिली होती, त्या डंपलासुद्धा गिऱ्हाईक मिळाले. २०११ च्या सुरुवातीला चांगल्या प्रतीच्या खनिजाचा भाव जगाच्या बाजारात टनाला १८० डॉलरच्या वर गेला. गोव्याच्या बंदरांतून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास माती जाऊ लागली. लोखंडच ते, पण लोकांच्या बोलण्यात सोने झाले होते.

दाजींनी पहिला ट्रक २००४ साली घेतला. शेजाऱ्याने घेतला, मेहुण्याने घेतला, मग आपण का नको? बँका घरी येऊन कर्ज देत होत्या. २००८ साली दुसरा घेतला. २०११ साली तिसरा, आणि त्याच्यासाठी अक्काच्या पाटल्या आणि गोठ गहाण पडले. दुकानातली हिशेबाची नोकरी सुटली. गावातल्या निम्म्या मुलांनी दहावीनंतर दप्तर टाकले आणि स्टिअरिंग धरले. मास्तर वर्गात विचारायचे, पुढे काय शिकणार? पोरे म्हणायची, शिकून जेवढे मिळेल तेवढे ड्रायव्हर आत्ता मिळवतोय.

त्या दिवसांत मी एकदा दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस राहिले होते. सगळा हिशेब ट्रिपांचा. खाणीतून माती भरायची, नदीवरच्या धक्क्यावर ओतायची आणि परत. जेवढ्या ट्रिपा तेवढे पैसे. त्यामुळे पहाटे चारला इंजिने सुरू व्हायची. पुढचा ट्रक मागच्याला वाट देत नसे. रस्त्यावर मैलभर रांग, आणि रांगेतून वाट काढत शाळेची पोरे. अक्का कपडे घरात वाळत घालायची, तरी पांढरा शर्ट गुलाबी व्हायचा. दह्यावर झाकण, पाण्यावर झाकण, पाळण्यावर ओले फडके. रात्री दाजी आले की आधी डोके धुवायचे, मग वही उघडायची. निळ्या पुठ्ठ्याची लांब वही. तारीख, ट्रकचा नंबर, ट्रिपा, डिझेल, ड्रायव्हरची उचल. दोन शब्द बायकोशी बोलायला मात्र वहीत रकाना नव्हता.

पैसा आला, खोटे कशाला बोलू? घराला स्लॅब पडला, टाइल्स लागल्या, मोठ्या मुलीचे लग्न थाटात झाले. साखळीच्या बाजारात दुकाने वाढली. पण त्याच सुमारास अक्काच्या घरामागचा झरा बारीक झाला. खाणीचे खड्डे खोल जातात, जमिनीतल्या पाण्याच्या पातळीखाली जातात. मग काम चालू राहावे म्हणून ते पाणी पंपाने उपसून टाकतात. भोवतालच्या विहिरी, झरे आटतात ते असे. शिरगाव हे लईराई देवीचे गाव, तिथल्या विहिरी आटून लोकांना टँकरच्या पाण्यावर राहावे लागले. एक टन खनिज काढायला दोन-अडीच टन माती बाजूला टाकावी लागते, आणि पहिल्या मोठ्या पावसात ती माती ओढ्यात आणि ओढ्यातून शेतात उतरते. अक्काचे वायंगण २००९ साली शेवटचे पिकले. पुढच्या पावसात शेतात वीतभर लाल गाळ बसला. दाजी म्हणाले, "जाऊ दे, दोन दिवसांच्या ट्रिपांत तेवढे भात विकत येते." अक्का काही बोलली नाही. पण कुळागर विकायचा विषय निघाला तेव्हा ती पहिल्यांदा नवऱ्यासमोर उभी राहिली. "माझे सोने न्या, ते परत घडवता येईल. हे झाड परत घडवता येत नाही."

सोन्यामागे धावण्याच्या गोष्टी जगभर सारख्याच असतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियाला जॉन सटर नावाचा मोठा शेतकरी होता. १८४८ च्या जानेवारीत त्याच्याच लाकडाच्या गिरणीजवळ सोन्याचे कण सापडले. तेव्हा तो कुबेर व्हायला हवा होता. झाले उलटेच. त्याचे गडी काम टाकून सोने शोधायला पळाले, बाहेरून आलेल्या लोकांनी त्याची जमीन बळकावली, गुरे मारून खाल्ली. सटर नुकसानभरपाई मागत मागत म्हातारा होऊन मेला. आणि ज्याने फावडी आणि घमेली विकत घेऊन चढ्या भावाने विकली तो सॅम ब्रॅनन लक्षाधीश झाला. आपल्या कर्नाटकातले कोलार घ्या. शंभर वर्षांहून जास्त काळ जमिनीत तीन किलोमीटरहून खोल उतरून माणसांनी सोने काढले. २००१ च्या फेब्रुवारीत खाण बंद झाली. आज आपण केजीएफ म्हटले की सिनेमा आठवतो, तिथल्या लोकांना मात्र उपसलेल्या मातीचे ढिगारे आणि रोज पहाटे कामासाठी बंगळूरला जाणारी रेल्वे आठवते.

गोव्यातली धाव थांबली ती २०१२ साली. खाणींतल्या बेकायदा कामांची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल ७ सप्टेंबरला संसदेत आला. १० सप्टेंबरला गोवा सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. बळ्ळारी, संडूरकडच्या खाणी आदल्याच वर्षी न्यायालयाने थांबवल्या होत्या. तेव्हा साखळीत लोक म्हणाले होते, ते तिकडचे, आपल्याकडे काही होत नाही.

तारीख लक्षात घ्या. त्या वर्षी चवथ १९ सप्टेंबरला होती. पावसाळ्यात खनिजाची वाहतूक बंदच असते, ऑक्टोबरात सीझन सुरू होतो. त्यासाठी दाजींनी तिन्ही ट्रक गॅरेजातून काढले होते. टायर नवे, रंग नवा, विमा भरलेला, सगळे उधारीवर. गणपतीपुढे आरती म्हणताना त्यांचा आवाज लागेना. सासूबाईंना मी ही हकीकत सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "कैगे बंद तुत्तु बायिगे बरलिल्ल." हातातोंडाशी आलेला घास गेला.

ट्रकमालकांचे दुःख पेपरात आले, मोर्चे निघाले, सरकारने मदतीच्या आणि कर्जफेडीच्या योजना काढल्या. पण एका माणसाचे दुःख कुठल्याच यादीत आले नाही. दाजींचा एक ड्रायव्हर सौंदत्तीकडचा होता. पेरणीला गावी जायचा आणि दसऱ्याला बायकामुलांसह परत यायचा. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत राहायचे. अक्का बेळगावची, म्हणून त्यांच्याशी कन्नड बोलायची. ती त्याला तम्मा म्हणायची, त्याची बायको तिला अक्का म्हणायची. त्यांची मुलगी साखळीच्या शाळेत मराठी शिकली आणि घरी आईला वाचून दाखवायची. त्या दसऱ्यालाही ते आले. महिनाभर वाट बघितली. गावी जमीन एक-दीड एकर, तीही कोरडवाहू. त्याच्या नावावर ना ट्रक, ना इथले रेशनकार्ड. मदत मागायची ती कुणी म्हणून? एके सकाळी भांड्यांचे पोते बांधून ते एसटीच्या स्टँडवर गेले. दाजींकडे त्याचा दीड महिन्याचा पगार राहिला होता. दाजी घराबाहेर आले नाहीत. अक्काने गळ्यातली साखळी सोनाराकडे ठेवून स्टँडवर नेऊन पैसे दिले. ती आजही म्हणते, "त्या दिवशी मी ते दिले नसते तर आज आरशात तोंड बघितले नसते."

पुढची वर्षे कशी गेली ते लिहायला नको. दोन ट्रक भंगाराच्या भावात गेले. हप्त्यांच्या नोटिसा आल्या. दाजी शाळेच्या मुलांची बस चालवू लागले. मालक म्हणवणाऱ्या माणसाला पगारी ड्रायव्हर व्हायला किती जड गेले असेल! घर तगले ते अक्काच्या तीन गोष्टींवर: तिची शिलाई मशीन, दोन गाई आणि न विकलेले कुळागर. पंप बंद पडले आणि दोन पावसाळ्यांनी झऱ्याला पुन्हा थोडे पाणी आले. पूर्वीसारखे नाही, पण सुपारी जगली.

२०१४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी उठवली आणि वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. लोकांना वाटले, आले सुगीचे दिवस. पण प्रत्यक्ष काम सुरू व्हायला २०१५ उजाडले, आणि तोवर जगाचा भाव कोसळला होता. त्या वर्षअखेरीला तो ४० डॉलरच्याही खाली होता. २०१७ च्या एप्रिलमध्ये सत्तरी तालुक्यातल्या सोनशीच्या लोकांनी धुळीने बेजार होऊन रस्त्यावर ट्रक अडवले तेव्हा ४५ जणांना तुरुंगात जावे लागले. त्यात बायकाही होत्या. अडवणारेही आपले, ट्रकवाले पण आपलेच! २०१८ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने ८८ लीजची नूतनीकरणे रद्द केली आणि मार्चमध्ये काम पुन्हा थांबले. पुढे २०२२ च्या अखेरीस लिलाव झाले आणि २०२४ साली डिचोलीत खाण परत सुरू झाली. मुळगावचे शेतकरी आमची घरे, देवळे आणि शेते लीजच्या हद्दीतून काढा म्हणून मागणी करू लागले, आणि माझा भाचा टिप्पर बघू लागला. दोघांचेही पोट त्याच मातीत.

शनिवारी संध्याकाळी मी पोचले. रात्री जेवणानंतर विषय निघाला. दाजी उठून आत गेले आणि ट्रंकेतून त्या निळ्या वह्या घेऊन आले. आठ वह्या. मला वाटले ते मुलाला रागावतील. ते फक्त एवढेच म्हणाले, "मी कधी बेरीज केली नाही. रोजचे लिहिले, पण सगळ्याची बेरीज नाही केली. तू कर."

मुलगा मोबाईल घेऊन बसला. मी त्याला एक गोष्ट सांगितली. २०१४ च्या त्याच निकालात न्यायालयाने असे सांगितले होते की खनिजाच्या विक्रीतले दहा टक्के एका कायमच्या निधीत बाजूला ठेवावेत. का? तर जमिनीतली माती एकदाच निघते. आजच्या पिढीने सगळी विकून खाल्ली तर पुढच्यांना काय? सरकारला सांगितलेली ही गोष्ट संसारालाही लागू पडते. मग आम्ही वह्यांतून तेच काढले. डिझेल, पगार, हप्ता जाऊन जे उरले त्याचे दहा टक्के दाजींनी बाजूला ठेवले असते तर? हिशेब निघाला तेव्हा सगळे गप्प झालो. पहिल्या दोन ट्रकांचे वर्षभराचे हप्ते निघाले असते. तिसरा ट्रक घेतलाच नसता तर अक्काचे सोनेही घरात राहिले असते.

भाचा बराच वेळ वहीकडे बघत होता. मग म्हणाला, "पण मावशी, मी करू काय? इथे दुसरे आहे तरी काय?" हा प्रश्न खरा आहे, आणि याला माझ्याकडे गोड उत्तर नव्हते. रिकाम्या हातांना उपदेश पचत नाही. मी त्याला सरळ सांगितले, "जामीन मी राहणार नाही. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे, मातीवर नाही म्हणून. आता टनांना मर्यादा आहे, पूर्वीइतके ट्रक लागणार नाहीत, आणि एक निकाल आला की चाके थांबतात हे तू दोनदा बघितलेस. एक सीझन दुसऱ्याच्या टिप्परवर पगाराने बस. ट्रिपा किती मिळतात ते स्वतः लिही. आणि कुळागरात पंप, ठिबक काही करणार असशील तर माझ्या साठवणीतले पैसे घे. बिनव्याजी. परत कधी द्यायचे ते तू ठरव."

तो रागावला. उठून बाहेर गेला. अक्का म्हणाली, "जाऊ दे. माझ्या वेळी असे बोलणारे कोणी नव्हते."

सकाळी निघताना अक्काने सुपारीबरोबर एक डबा हातात दिला. उघडून बघते तर शेंगाचटणी आणि कडक भाकरी. सौंदत्तीहून आलेली! तम्माची बायको दरवर्षी न चुकता कुणाच्या तरी हाती पाठवते. त्यांची ती मुलगी नर्स झाली आणि आता धारवाडला नोकरीला आहे, असे अक्काने अभिमानाने सांगितले, जणू स्वतःचीच लेक. त्या सगळ्या धावपळीत अक्काच्या घरी टिकून राहिलेले धन म्हणाल तर हा डबा आणि मागची सुपारी.

भाचा स्टँडवर सोडायला आला. वाटेत बोलला नाही. बस सुटताना खिडकीशी येऊन म्हणाला, "मावशी, ठिबकला किती लागतील, विचारून ठेवतो." टिप्परचे नाव त्याने काढले नाही, आणि सोडलेय असेही म्हणाला नाही. मी फक्त "विचारून ठेव" म्हटले.

वाचकहो, तुमच्यापैकी कितीतरी घरांत अशा वह्या असतील. खाणीच्या नसतील तर ऊसतोडीच्या असतील, आखाताच्या नोकरीच्या, नाहीतर शेअर बाजाराच्या. एखाद्या रविवारी काढा, आणि घरातल्या तरुण मुलाला शेजारी बसवून सगळ्याची बेरीज करा. रागवायचे नाही, फक्त बेरीज करायची. पुढचे तो स्वतःच वाचेल.